साडेतीनशे फूट मरण

रिळांचे डबे मी कोणाच्या हातात दिले नाहीत. कंपनीचे साहेब पहिल्यांदा पौडला आमच्या घरी आले, बूट काढून पडवीत मांडी घालून बसले आणि म्हणाले, "मामा, प्रिंट आमच्याकडे द्या. आम्ही तिची व्हिडिओ कॅसेट काढतो आणि महिन्याभरात डबे जसेच्या तसे परत आणून देतो."

मी म्हणालो, "डबे येतील तर माझ्यासंगं येतील. न्हाईतर न्हाई."

साहेब पुण्याचे, पस्तिशीचे, बोलायला गोड. त्यांनी आणखी दोन वेळा विचारलं. मी आणखी दोन वेळा तेच सांगितलं. शेवटी चहा संपला तसे म्हणाले, "मग तुम्हीच या कामाला." असा मी व्हिडिओ कंपनीत लागलो. पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट असेल.

माझी शाळा तिसरीपर्यंत. लिहिता-वाचता येतं, बाकी जे येतं ते तंबूत शिकलो. तंबूतला सिनेमा म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जत्रेच्या नाहीतर बाजाराच्या गावात कनाती लावायच्या, पडदा ताणायचा, जनरेटर चालू करायचा. बाया एका अंगाला, बाप्ये एका अंगाला, भुईवर बसून बघायचे. मी मशीनवर. मुळशीच्या खोऱ्यात सोळा वर्षं मशीन चालवलं. पट्टी तुटली तर लोकांच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत जोडून मोकळा. पुढं तंबू मोडला तेव्हा मालकानं एक सिनेमा मला देऊनच टाकला. म्हणाला, "ह्यो तुझाच हाय. तूच जपलास."

जपला होता हे खरं. आमच्याकडं चार महिने भिंतींना ओल असते. चपलेला बुरशी चढते, तिथं फिल्मची काय कथा. मी डबे भाताच्या तुसात पुरून ठेवायचो. त्यासाठी घरात वेगळी कणगी होती. तूस ओल धरू देत नाही, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी पहिला डबा उघडून नाक जवळ नेलं आणि म्हणाले, "मामा, बाकी सगळ्या प्रिंटांना आंबूस वास मारतो. हिला भाताचा येतोय." मला ते इतकं बरं वाटलं की दुसरा डबा मीच उघडून पुढं केला.

त्या सिनेमाची निगेटिव्ह कुठल्याशा गोदामात सडून गेली होती. काढणारा वारला होता. साहेब सगळीकडं हिंडले, तेव्हा त्यांना कळलं की धड अशी एकच प्रिंट उरलीय आणि ती पौडला एका हट्टी माणसाकडं आहे. हट्टी हा शब्द त्यांचा.

कासार आंबोलीला त्यांच्या वडिलांचा बंगला होता. तिथल्या एका खोलीच्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला होता. आत मशीन, छोटा पडदा, एक लांब टेबल. जुने सिनेमे डब्यांतून यायचे, मी एकेक रीळ बोटांमधून काढायचो. कडेची भोकं फाटलेली असली की बोटाला आधी कळतं, डोळ्याला नंतर. मऊ फडक्यानं पुसायचं, कच्चे सांधे सोडवून पक्के करायचे. मग डबे मुंबईच्या मशीनवर जायचे आणि सिनेमा टेपवर उतरून यायचा. देवादिकांचे आले, तमाशाचे आले. एक भुताचा सिनेमा आला होता, जो तंबूत आम्ही दुसऱ्या दिवशी उतरवला होता, कारण भुताला बघून लोक हसायचे. त्याच भुताची कॅसेट पुण्यातली कॉलेजची पोरं मागून मागून नेत. मला त्यातलं कोडं कधी उलगडलं नाही. पण सांधे मी त्याचेही तितकेच नीट घातले.

माझा सिनेमा सगळ्यात शेवटी घेतला. साहेबांनी विचारलं, "प्रिंट पूर्ण आहे ना, मामा?"

"पुरी हाय. येक फ्रेम कमी न्हाई."

हे मी कसं म्हणालो ते सांगतो. त्याआधी सिनेमा सांगायला हवा. एका नावाड्याची बायको असते. सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा परगावी, नदीला पूर. ही बाई एकटी नाव घालून पलीकडं जाते, औषध आणते, भिजून, ठेचकाळून घरी येते. सासूला औषध पाजते. सासू डोळे उघडते. मग ही उंबऱ्यावर येऊन बसते, पदराची गाठ सोडत सोडत भिंतीला टेकते आणि तिथंच मरते. गाणं नाही, रडणं नाही. चार मिनिटांचं मरण. मग 'समाप्त'.

पहिल्या वर्षी खोऱ्यातल्या एका देवीच्या जत्रेत मी हा सिनेमा अख्खा दाखवला. त्या गावची रीत अशी, की जत्रेच्या तीन दिवसांत सवाष्णीसाठी रडायचं नाही. पोरी माहेरी आलेल्या असतात, ओट्या भरायच्या असतात. त्या दिवसांत गावात खरंच कोणी सवाष्ण गेली, तरी घरचे तोंडात पदर कोंबून गप बसतात. आणि आमच्या तंबूत दोनशे बायांनी एकदम गळा काढला. दुसऱ्या दिवशी पालखीचा दांडा मोडला. झालं. गावकरी आले. त्यातला म्हातारा पुजारी म्हणाला, "पडद्यावर का हुईना, हितं सवाष्ण मरता कामा नये. न्हाईतर तंबू उचला."

मी कात्री घेतली. सासू डोळे उघडते तिथं कापलं आणि त्याला थेट 'समाप्त' जोडलं. लोक खूश होऊन घरी गेले. पुढच्या गावात तुकडा परत जोडला, त्याच्या पुढच्या जत्रेत परत काढला. पण दर सांध्याला पट्टीवरचा चित्राचा मसाला खरवडावा लागतो, एखादी फ्रेम जाते. असं करत बसलो असतो तर बाई उंबऱ्यापर्यंत पोचलीच नसती. म्हणून तिसऱ्या वर्षी तो तुकडा बाजूलाच ठेवला. त्याविना सिनेमा जास्त चालायला लागला. पुढची दहा-बारा वर्षं आमच्या भागात ती बाई मेलीच नाही.

आता तो तुकडा मी विसरलो होतो म्हणालो तर खोटं होईल, आणि आठवत होता म्हणालो तर तेही खोटंच. मी सिनेमा जसा दाखवत होतो तसाच तो मला खरा वाटायला लागला होता.

डब्यांसोबत मी स्वतः मुंबईला जाऊन आलो, टेप उतरून आली. कॅसेटच्या खोक्यावर छापायला फोटो हवा होता, म्हणून साहेबांनी त्या सिनेमातल्या बाईंना बंगल्यावर बोलावलं. साठीच्या पुढच्या, पांढरं पातळ, हातात काठी. नायिका म्हणून त्यांचा तो एकच सिनेमा. पुढं आईची, मावशीची कामं केली आणि मग घरीच बसल्या. टीव्हीसमोरच्या खुर्चीत ताठ बसून त्यांनी सगळा सिनेमा बघितला. नदीचा पूर आला तेव्हा म्हणाल्या, "पाणी खरं होतं बरं का. नावाडी खोटा होता, त्याला पोहता येत नव्हतं." सगळे हसले. सासूनं डोळे उघडले. 'समाप्त' आलं.

बाई मान वळवून साहेबांना म्हणाल्या, "आणि माझं मरण कुठं गेलं?"

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी दाराजवळ उभा होतो. जे तोंडातून गेलं ते गेलं. मी म्हणालो, "बाई, तुमी मरत न्हाई त्यात. मी दोनशे येळा दाखवलाय. तुमच्या ध्यानात ऱ्हायलं नसंल."

"अहो, मेले मी आहे," बाई म्हणाल्या. "मला माहीत नसेल?"

"शिनेमा येवढाच हाय."

"तीन दिवस चाललं होतं त्याचं शूटिंग. उंबऱ्याला टेकून टेकून माझी पाठ सोलली होती. आणि एवढाच काय?" त्यांचा आवाज चढला नाही, खाली आला. साहेबांना म्हणाल्या, "सिनेमा लागला तेव्हा मी बाळंतीण होते. ते मरण मी पडद्यावर कधी पाहिलंच नाही. लोक चांगलं झालं म्हणायचे. लोक म्हणतातच. आज बघीन म्हणून आले होते."

गाडी गेल्यावर साहेब मला रागावले असते तर मी उलट रागावलो असतो आणि मोकळा झालो असतो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "मामा, आठ दिवसांनी कॅसेट छापायला जातील. बाई म्हणतात ते खरं असेल, तर तो शेवट जगात दुसरीकडं कुठंही नाही. तुम्ही एकदा घरी बघा."

मी म्हणालो, "बघण्यासारखं काय न्हाई." आणि एसटी पकडली.

घरी येऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "मंग बाई खरंच बोलली की. तुमीच न्हाई का कापला? कात्री बोथट झाली म्हून मलाच बाजारात पिटाळलं व्हतं."

"त्यो तुकडा कुटं हाय?"

"मला काय इचारता? मी म्हनलं व्हतं, मेलेल्या बाईचा तुकडा भाताच्या कणगीपाशी ठिवायचा न्हाई. तुमी दिला तुमच्या दोस्ताला."

हे ऐकून मी भिंतीला टेकलो. बाजारपेठेत त्याचं सायकलचं दुकान. आमच्या तंबूचा जनरेटर आणि भोंगा तो सांभाळायचा. सोळा वर्षं आम्ही एका ताटात जेवलो, त्याच्या ईदेला मी, माझ्या दिवाळीला तो. मग त्यानं टीव्ही आणि व्हिडिओ आणला, दुकानामागच्या पत्र्याच्या खोलीत लोकांना सिनेमे दाखवायला लागला, आणि तंबू बसला. मी भर पेठेत त्याला म्हणालो होतो, की पेटीतल्या सिनेमाला हात लावीन तर मिशी उतरवीन, आणि तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही. चार वर्षं चढलो नव्हतो. सायकल पंक्चर झाली तर हातात धरून दुसऱ्या गावाला नेत होतो.

तीन दिवस मी घरातच धुंडाळत राहिलो. माळा काढला, तुसाच्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातले. तिथं नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पायरी चढण्यापेक्षा ते सोपं होतं. डोळा लागत नव्हता. मी बाईंना तोंडावर खोटं ठरवलं होतं, आणि तेही त्यांच्याच मरणावरून. चौथ्या दिवशी सकाळी टोपी घातली आणि गेलो.

तो चाकाची तार ताणत होता. वर बघितलं नाही. "बोला. पंक्चर हाय का?"

"सायकल न्हाई आणली."

"मंग वाट चुकला का काय?" आता त्यानं वर बघितलं, चष्मा कपाळावर ढकलला. "मिशी तर हाय अजून जाग्यावर. पेठेत तर ऐकतुया, तू आंबोलीला व्हिडिओच्या कंपनीत साहेब झालायस."

"साहेब न्हाई. सांधे घालतो."

"पेटीतल्याच शिनेमाचे न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो. एवढा एक शब्द बोलायला मला चार वर्षं लागली. "पेटीतल्याच."

तो हसला नाही. त्यानं पायानं एक स्टूल माझ्याकडं सरकवलं. मी बसलो आणि सगळं सांगितलं, बाईंना काय म्हणालो तेही. तो ऐकत होता, तार ताणत होता. मग म्हणाला, "आरं लेका, तंबूतले फिल्मचे तुकडे तर मी कवाच वाटले. मेव्हणा आला व्हता कोळवणवरनं. भात पिकलं की पाखरं लई पडत्यात. फिल्म टांगली की चकाकतीया, फडफडतीया, पाखरू बसत न्हाई. बंडलंच्या बंडलं नेली त्यानं."

कोळवणच्या शेतात, पावसात आणि उन्हात, काठीला बांधून. मसाला धुपून कोरी काच झालेली पट्टी माझ्या डोळ्यासमोर आली.

"समदी?" मी विचारलं.

"समदी दिली," तो म्हणाला. मग तार सोडली. "म्हंजी, ती मरणाची न्हाई."

"का?"

"का म्हंजी? पिकत्या भातावर कुनाचं मरण टांगू व्हय? मेव्हण्याचं शेत हाय. दुश्मनाचं असतं तर बघितलं असतं." आणि आतल्या दाराकडं तोंड करून ओरडला, "अगं, त्यो तुपाचा जुना डबा काढ माळ्यावरचा! त्या बाईचा!"

त्याच्या बायकोनं डबा आणला. झाकण गंजून बसलेलं. त्यानं सायकलच्या पान्यानं उचकटलं. आधी मी नाक खाली नेलं, आंबूस वास येतोय का बघायला. आला तो डांबरगोळ्यांचा. साडेतीनशे फुटांची गुंडाळी, फडक्यात बांधलेली, सुटीसुटी, कुठं चिकटलेली नाही. मी टोक धरून दुकानाच्या दारात उजेडाकडं केलं. उंबरा. बाई. पदराची गाठ.

तो माझ्या खांद्यावरून बघत होता. "ही बघ, बसली. आता टेकंल." पट्टी आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवली, रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. "टेकली," तो म्हणाला. "गेली बिचारी." आणि चष्मा पुसला. मग चहा आला. मी उठलो तेव्हा तो म्हणाला, "सायकल आणीत जा. लांब नेतुयास ते दर येळी बघतो मी."

बंगल्यावर जाऊन मी डबा टेबलावर ठेवला. साहेब काही विचारायच्या आत म्हणालो, "ह्यो शेवट. मीच कापला व्हता, जत्रेसाठी. बाई खऱ्या, मी खोटा." आयुष्यात इतकं लांब वाक्य माझ्याविरुद्ध मी कधी बोललो नव्हतो. साहेबांनी झाकण उघडलं, पट्टीचं टोक उजेडाकडं धरलं आणि खुर्चीत मटकन बसले. मग म्हणाले, "मुंबईला पाठवायच्या आधी बाईंना आणूया. पडद्यावरच दाखवू."

सांधा घालायला मला एरवी दोन मिनिटं लागतात. त्या दिवशी अर्धा तास लागला. कडा खरवडताना मी मनगट टेबलाला दाबून धरलं. पूर्वी काढघाल करताना गेलेल्या सात-आठ फ्रेमा परत येणार नव्हत्या. तिथं आवाज खरखरणार होता. साहेबांना म्हणालो, "हितं जरा अडखळंल." ते म्हणाले, "अडखळू दे."

बाई आल्या. माझ्याकडं बघितलंही नाही. दुपारची वेळ, खोलीत काळोख, मशीनवर मी. शेवटचं रीळ लावलं. सासूनं डोळे उघडले, खर्र असा आवाज झाला, आणि बाई उंबऱ्यावर आली. मी पडद्याकडं बघत नव्हतो, खुर्चीतल्या बाईंकडं बघत होतो. त्या पुढं झुकल्या होत्या, दोन्ही हात काठीवर. पडद्यावरची बाई गाठ सोडत होती. खुर्चीतल्या बाईंची बोटं काठीवर तशीच हलत होती. चार मिनिटं मशीनची घरघर तेवढी. मग 'समाप्त'.

मी दिवा लावला. काठी मांडीवर आडवी ठेवून त्या म्हणाल्या, "वाईट नाही केलं मी." आणि थोड्यानं, "मला वाटायचं, जास्त केलं असेल. इतकी वर्षं वाटायचं. नाही केलं."

साहेब म्हणाले, "बाई, फार सुंदर आहे."

"सुंदर राहू दे. जास्त नाही केलं ना?"

"नाही."

त्यांनी पाठ खुर्चीला टेकली. एवढा मोठा श्वास सोडला की मशीनपाशी मला ऐकू आला. मग मला हाक मारली, "अहो, ऑपरेटर. इकडं या. का कापलंत मला?"

मी जत्रेची रीत सांगितली. पालखीचा दांडा, पुजारी, सगळं. माफी मागायची म्हणून आलो होतो, पण ती वाक्यं मला येत नाहीत. म्हणालो, "त्या बायांना तुमचं मरण सोसलं न्हाई. मंग मीबी न्हाई दाखवलं."

"म्हणजे तुमच्याकडं मी जिवंतच आहे?"

"व्हय. पौडाला आलात तर बाया तुमाला सासूची तब्येत इचारतील."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांना पदर लावला, परत हसल्या. म्हणाल्या, "पुन्हा कधी मारायचं की नाही ते मला विचारत जा." मी म्हणालो, "आता कात्री ठिवून दिली." चहा झाला, खोक्यासाठी फोटो झाला. जाताना गाडीत बसल्यावर काच खाली करून त्यांनी साहेबांना दोनदा बजावलं, की सांध्याजवळची खरखर काढत बसू नका, नाहीतर परत काहीतरी कापाल.

मी चार-साडेचारची एसटी धरली. खिडकीशी जागा मिळाली. कासार आंबोलीचा फाटा मागं गेला एवढं आठवतं. मग कंडक्टरनं खांदा हलवला. "ओ बाबा, उठा. गाडी फुडं जात न्हाई. कुटं उतरायचं व्हतं?"

"पौड."

"पौड कवाच गेलं. दोनदा हाका मारल्या तुमाला."

बाहेर धरणाचं पाणी दिसत होतं, ऊन अजून होतं. एरवी मी त्या कंडक्टरशी भांडलो असतो, की नीट हाका मारल्या नाहीस म्हणून. त्या दिवशी म्हणालो, "बरं झालं. परतीची गाडी कवा हाय?"

"तासाभरानं."

"मंग तवर झोपू दे," मी म्हणालो, आणि परत खिडकीला डोकं टेकलं.